पलटी न मारणारा कृणाल

कृणाल आणि मी मुलुंडला एकाच इमारतीत वाढलो. मी मराठी घेऊन एम.ए. केलं. तो अंधेरीच्या एका गुंतवणूक कंपनीत लागला. लोकांनी फंडात ठेवलेले पैसे कोणत्या कंपनीला कर्जाऊ द्यायचे, हे तो ठरवायचा. तिशीच्या आत ऑफिसात सगळे त्याला ‘मास्टर’ म्हणू लागले.

तिथे एक रीत होती. सोमवारच्या मीटिंगमध्ये दिलेलं मत जो नंतर बदलेल, त्यानं खुर्चीवर उभं राहून “मी पलटी मारली” म्हणायचं आणि अख्ख्या मजल्याला वडापाव खिलवायचा. शिट्ट्या, टाळ्या. सगळी गंमतच. पण खुर्चीवर चढलेल्याला त्या वर्षी बढती मिळत नसे.

कृणाल कधीच चढला नव्हता. त्याला त्याचा अभिमान होता. आम्हालाही.

गेल्या वर्षी सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं एका बिल्डर कंपनीला कर्ज द्यायला होकार दिला. काही आठवड्यांनी त्याच्या हाताखालची दर्शना म्हणाली, “मास्टर, हे लोक नवं कर्ज काढून जुन्याचं व्याज भरतायत. बाहेर पडूया ना.”

“बघितलं मी.”

“मग?”

“मग काय, खुर्चीवर चढू? थांब गं. या धंद्यात सगळे असंच करतात.”

शंका त्यालाही आली होती. हे त्यानंच मला सांगितलं. इतकी वर्षं बरोबर ठरल्यावर, म्हणाला, आपली शंकाच चुकीची वाटायला लागते.

बिल्डर बुडाला. फंडातले लोकांचे पैसे अडकले. कंपनीच्या चौकशीत विभागप्रमुख निलेशसरांनी दर्शनाचं नाव पुढे केलं. तिनं वेळेवर इशारा दिला नाही म्हणे. तिची नोकरी जाणार हे उघड होतं.

कृणाल सगळ्यांसमोर उभा राहिला. “तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

निलेशसर हसले. “बस रे. ज्युनियरला वाचवतोयस, कळलं.”

“खरं सांगतोय, सर.”

“मास्टर, लोक तुझं नाव बघून पैसे ठेवतात. तू चुकलास म्हटलं तर बाकीच्या फंडांची वाट लागेल. बस खाली.”

अहवालात त्याचं बोलणं आलंच नाही. दर्शनाकडून राजीनामा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी कृणालनंही राजीनामा दिला आणि घाटकोपरला तिच्या घरी गेला. तिनं दार अर्धंच उघडलं.

“तुम्ही नोकरी सोडलीत, म्हणून माझी परत येणार आहे का? तुम्हाला उद्या दुसरीकडे घेतील. मला विचारतील, का काढलं?”

तो तसाच परतला. त्याची आई, सुनंदाकाकू, मला जिन्यात अडवून मालवणीत म्हणाल्या, “ह्येका काय झाला रे? इतको हुशार झील माझो.”

मग त्यानं सरकारी नियामकाकडे स्वतःच्या सहीनं सगळं लिहून दिलं. दर्शनाचा इशारा, आपलं उत्तर, गाळलेला जबाब. या धंद्यात त्याला आता कोणी उभं करणार नाही.

त्या जबाबाची एक प्रत त्यानं दर्शनाला पाठवली. पुढच्या मुलाखतीला ती ते कागद घेऊन जाणार आहे.