नाव घेऊन केलेली प्रार्थना

याकोब उजगरे सरांसारखा भला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि घात झाला तो त्या भलेपणापायीच. आता बोला!

सोलापुरातल्या एका मिशनच्या कॉलेजात सर इतिहास शिकवायचे. पण पोरं त्यांच्या घरी जायची ती काही इतिहासासाठी नव्हे. ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या आत्मिक वाढीची जबाबदारी कॉलेजनं त्यांच्यावर सोपवली होती, आणि गडी त्यात जीव ओतायचा. कुणाचं घरी भांडण, कुणाचं प्रेम फिसकटलेलं, सगळी सरांच्या ओट्यावर. सर ऐकून घ्यायचे आणि शेवटी डोळे मिटून, ज्याचं त्याचं नाव घेऊन, खड्या आवाजात प्रार्थना करायचे. ऐकणारा हलका होऊन घरी जायचा हो.

आरोही करमाळ्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांची, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंची, एकुलती एक मुलगी. दुसऱ्या वर्षाला असताना तिची आई कॅन्सरनं गेली. पोर गप्पगप्प झाली. एका दुपारी सरांजवळ येऊन म्हणाली, "सर, चर्चची सगळी मंडळी उपास धरून बसली होती की आईसाठी. काय झालं? मला आता प्रार्थनाच येईना. देव हाय का न्हाय, तेच कळंना. पप्पांना नका सांगू. आधीच मोडलेत ते."

"कुणाला म्हणून सांगणार नाही, बाळ," सर म्हणाले. आणि खरंच, त्यांनी माणसाला कुणाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं.

पण कुठं? रविवारच्या उपासनेत, भरल्या चर्चमध्ये! त्या दिवशी प्रार्थनेची पाळी सरांची होती. आजाऱ्यांची नावं घेता घेता त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "प्रभू, आमच्या आरोहीचं मन तुझ्यावरून उडालंय. लेकराला सावर." सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. आरोही बाकावरून उठली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली.

आमच्यात हे असंच चालतं बघा. डोळे उघडे ठेवून बोललं की चहाडी, मिटून बोललं की प्रार्थना.

संध्याकाळच्या आत करमाळ्याला फोन गेले. 'पाळकाच्याच घरात देव मानत न्हाईत व्हय?' असं लोक तोंडावर विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले, आरोहीचं नाव कॉलेजातून काढलं आणि तिला घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात सर करमाळ्याला गेले. पाळकसाहेब आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आरोही समोर येऊन बसली. चेहरा पार उतरलेला.

"चुकलो मी, बाळ," सर म्हणाले. "प्राचार्यांशी बोललोय. परत चल, परीक्षेला बस."

"पप्पा पाठवणार न्हाईत, सर." ती शांतपणे बोलली. "तुमच्यावर राग नाही माझा. पण मन मोकळं करायला तुमी एकटेच होता की मला. आता कुणाजवळ बोलू?"

सवयीनं सरांचे हात जोडले गेले. "प्रार्थना करूया का, बाळ?"

तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. "करा, सर. पण मनातल्या मनात करा. आणि माझं नाव नका घेऊ."

सरांनी डोळे मिटले. नुसते ओठ हलत राहिले, शब्द म्हणून एक आठवेना. गालांवरून पाणी ओघळत राहिलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, तेव्हा आरोही समोर नव्हती.