सोयरीक अंतिम ७

रेणापूरचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक ईश्वरप्पा यांनी समाजावर केलेले सारे उपकार एका संगणकात साठवलेले होते, आणि तो संगणक सुरू व्हायला पाऊण तास घेई. पाच तालुक्यांतल्या लिंगायत घराण्यांची कुळे आणि कोणाची लेक कोणत्या घरात दिली, याची नोंद त्यात होती. दोन्ही घरांचे कुळ एकच निघाले तर मुलगा-मुलगी भावंडे ठरतात आणि बोलणी मोडतात. म्हणून लोक आधी ईश्वरप्पांना फोन करीत. "थांबा, सुरू व्हायलाय," असे ते गांभीर्याने सांगत. एकाचा तर तेवढ्यात साखरपुडाही उरकला होता.

यंत्राची निगा मात्र आदर्श होती. रोज पूजेनंतर त्याच्या पेटीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले जात. त्यातली बरीचशी विभूती पंखा आत ओढून घेई; त्यामुळे पेटीने भस्म अंतर्बाह्य धारण केले होते. विषाणूंपासून रक्षणासाठी तीन वेगवेगळे अँटीव्हायरस नेमलेले होते आणि ते दिवसभर एकमेकांचीच झडती घेत. काहीही पुसायचे नाही, हा दंडक होता. "मेलेल्या माणसांची नावं हायत त्यात. ती पुसायची?" म्हणून दर दसऱ्याला नवी प्रत निघे, लग्नांच्या व्हिडिओंसकट, त्याच डिस्कवर: 'सोयरीक अंतिम', 'सोयरीक अंतिम २', अशी सातपर्यंत. सुरक्षिततेची एवढी काळजी घेतल्यावर डिस्कमध्ये श्वास घ्यायला जागा उरली नाही, यात ईश्वरप्पांचा काय दोष?

यंदा प्रश्न घरचाच होता. धाकट्या लेकीला, मंजुश्रीला, देगलूरचा संगमेश पसंत होता, संगमेशला ती. अकरा वाजता त्याच्याकडचे पाहुणे होकार ऐकायला येणार होते. पण कुळ तपासल्याशिवाय होकार नाही. सकाळचे नऊ वाजले तरी फाइल उघडेना. पेटीतून कट-कट असा आवाज मात्र नेमाने येत होता.

मंजुश्री लातूरच्या एका कॉलेजात संगणकच शिकवते. अर्थात घरच्या संगणकाला हात लावण्याइतकी तिची पात्रता आजवर सिद्ध झालेली नव्हती. आज नाइलाज झाला.

"अप्पा, डिस्क शंभर टक्के गुंतलेली दाखवायलीय."

"मग बंद करून चालू करतो."

"पहाटेपासून चारदा केलात. दर वेळी तिचा थोडा थोडा जीव जायलाय."

तिने तिन्ही पहारेकरी थांबवले. कट-कट थांबली नाही. मग तिने डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल काढला; खराब जागांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. तिने पेनड्राइव्ह लावला.

"आधी दुरुस्त कर, मग प्रत काढ," ईश्वरप्पांनी शिस्त सांगितली.

"ही दुरुस्त व्हायची न्हाई, अप्पा. जायच्या आधी काय सांगायचंय ते सांगू द्या तिला."

प्रत निघू लागली. चार मिनिटे लागतील, असे पडद्याने सांगितले. मग दोन तास. मग एक दिवस.

आत पाहुण्यांच्या नाश्त्याला सुशीला करायचा म्हणून मुरमुरे भिजवता भिजवता ईश्वरप्पांच्या पत्नी गौरम्मा म्हणाल्या, "अहो, कशाला त्या पेटीचे हाल करायलाव? तुमच्या आजोबांची बहीण त्याच घरात दिलेली हाय. कुळ एक असतं तर दिली असती का?"

"तोंडी माहितीला आधार लागतो, गौरम्मा."

"सासूबाईंनी सांगितलंय मला."

"त्याही तोंडीच सांगितल्या ना!" ईश्वरप्पांनी निकाल दिला, आणि पुन्हा पडद्याकडे पाहत बसले.

अकराला दहा कमी असताना प्रत पूर्ण झाली. पेटीने एक लांब घरघर केली आणि तिचा पडदा निळा पडला. मंजुश्रीने आपल्या लॅपटॉपवर फाइल उघडून देगलूर शोधले. संगमेशचे पणजोबा, त्यांची पत्नी रेणापूरची, ईश्वरप्पांच्याच घरची लेक, कुळ वेगळे. ईश्वरप्पांचा चेहरा उजळला.

"बघ! याला म्हणतात नोंद."

"शेवटचा रकाना वाचा की, अप्पा."

शेवटचा रकाना 'आधार' असा होता. त्यात ईश्वरप्पांनी स्वहस्ते टंकलेले होते: गौरम्मा, तोंडी.

मंजुश्रीने पाने खाली सरकवली. पुढच्या नोंदीला तेच नाव, त्याच्या पुढच्यालाही तेच. दारात जीप थांबली.

"आता तरी पटलं का?" गौरम्मांनी आतून विचारले.

"लेखी हाय म्हटल्यावर पटणारच," ईश्वरप्पा म्हणाले, आणि होकार द्यायला ताठ मानेने बाहेर गेले.