करियाची चपाती

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं, यंत्रमागांचा खडखडाट जिथं जरा कमी होतो, त्या गल्लीत शिरलं की निंगव्वाचं घर विचारावं लागत नाही. नाकच बरोबर तिच्या दारात नेतं. सडलेल्या मांसाचा, मुताचा आणि वर ओतलेल्या फिनेलचा मिळून एक गोडसर वास. तो घशात बसतो आणि चहा प्यायला तरी जात नाही.

वास करियाचा. करिया म्हणजे कानडीत काळा. निंगव्वाचं हे कुत्रं तेरा-चौदा वर्षांचं झालं. मागचे पाय गेले, डोळ्यांवर दुधाळ पडदा आला, आणि पडून पडून मांडीला जखम होऊन तिच्यात किडे झाले. निंगव्वा कारखान्यातून आणलेल्या टॉवेलांच्या कडा घरी शिवते. त्यातले डागी, विकले न जाणारे टॉवेल ती करियाखाली घालायची. ओला झाला की काढायचा, गरम पाण्यात उकळायचा, दुसरा घालायचा. दिवसभर हेच. किडे चिमट्यानं एकेक वेचून रॉकेलच्या वाटीत टाकायची आणि टाकताना शिव्या द्यायची. जखमेला, किड्यांना, करियाला आणि त्याला घरात आणणाऱ्या, चार वर्षांमागं मरून गेलेल्या नवऱ्याला.

"अत्ती, जेवायच्या आधी तरी हात नीट धुवा," सून सिद्धेश्वरी म्हणायची.

"धुतले की. वास न्हाय जात, त्याला मी काय करू? हात तोडून ठिवू?"

असं म्हणून निंगव्वा ताट बाजूला सरकवायची. तिला किळस यायची, आणि येत नाही असं ती कधी म्हणाली नाही.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. मूत्रपिंडं गेलीत म्हणाले. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू का, असंही विचारलं. निंगव्वानं करियाच्या डोक्यावर हात ठेवला.

"दुखतंय का त्याला?"

"जखम साफ राहिली आणि पोटात तेलकट काही गेलं नाही, तर फार नाही. भाताची पातळ पेज द्या. दुसरं काही नको. तेल तर थेंबभर नको."

"मग ऱ्हाऊ द्या. त्येचं त्यो जाईल. अंग सुकं, पोट हलकं, एवढं मी बघते."

एवढंच तिला करायचं होतं. पण आड आला शनिवार.

करिया तरुण असताना त्याच्या अंगावर एक पांढरा केस नव्हता. शनीची पीडा असलेल्यानं चपातीला तेल लावून, अंगावरून उतरून काळ्या कुत्र्याला घालायची, ही इथली रीत. असलं निखळ काळं कुत्रं आजूबाजूला दुसरं नव्हतं. त्यामुळं दर शनिवारी सकाळी निंगव्वाच्या दारात डबे घेऊन माणसं उभी. तेव्हा तिलाही बरं वाटायचं. कुत्र्याचं पोट भरतंय, आपल्यालाही मान मिळतोय. कुणाच्याही हातचं खावं म्हणून तिनंच त्याला सवय लावली होती. "तिन्नु" म्हटलं की करिया तोंड उघडायचा. तिन्नु म्हणजे खा. गल्लीतल्या ज्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं, त्यांना हा एक शब्द पाठ झाला.

आता करियाचं तोंड पांढरं झालं होतं. पण "पाठ काळी आहे तोवर चालतं," असं बापूसाहेब कुठल्याशा महाराजांना विचारून आले होते.

बापूसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, समोरच्याच घरात राहणारे. मुलगा मृत्युंजय याचं लग्न जमत नव्हतं, म्हणून तीन वर्षं त्यांचा शनिवार चुकला नव्हता. येताना नाकाला रुमाल बांधून यायचे, चपाती लांबून फेकायचे आणि घरी जाऊन अंघोळ करायचे.

डॉक्टर येऊन गेल्यावर निंगव्वानं सगळ्यांना सांगितलं, "आता घालू नका. त्येला सोसत न्हाय."

बाकीचे कुरकुरत का होईना, थांबले. बापूसाहेब म्हणाले, "एक घास घेतला तरी पुरे हो. आता सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल की."

"वाया जाऊ द्या."

त्या शनिवारी ती नळावर टॉवेल पिळत होती. परत आली तर दारात बापूसाहेब उकिडवे बसलेले. नाकाला रुमाल, एका हातानं करियाचा जबडा धरलेला. दुसऱ्या हातानं तेलानं निथळणारी चपाती गुंडाळी करून आत सारत होते आणि मऊ आवाजात म्हणत होते, "तिन्नु, करिया. तिन्नु."

आंधळ्या कुत्र्यानं शब्द ऐकून तोंड उघडलं होतं.

निंगव्वा पोचेपर्यंत करिया ओकला. पिवळं, तेलाचा तवंग आलेलं पाणी, त्यात चपातीचे लगदे. मग त्याची बरगडी न् बरगडी आवळायला लागली, पण बाहेर काही येईना. निंगव्वानं त्याच्या घशात दोन बोटं घालून उरलेला लगदा काढला. मनगटापर्यंत लाळ आणि तेल.

बापूसाहेब उठले, हात झटकत म्हणाले, "गेला थोडा पोटात. झालं काम."

निंगव्वानं त्यांचा डबा उचलला. हातातला लगदा त्यात टाकला, जमिनीवरचाही निपटून भरला, झाकण दाबून लावलं.

"धरा."

"अहो, उतरलेलं परत घेत नाहीत. काय करताय?"

"तुमची पीडा हाय. माझ्या कुत्र्यानं न्हाय घेतली."

बापूसाहेब दोन पावलं मागं सरले. डब्याला हात लावीनात. तेव्हा निंगव्वा तसल्याच हातानं रस्ता ओलांडून गेली, त्यांच्या फाटकाच्या कडीत डबा अडकवला आणि परत येऊन करियाखालचा टॉवेल बदलला. डबा दिवसभर तिथंच लटकत होता. बापूसाहेबांच्या घरातली माणसं मागच्या दारानं ये-जा करत होती.

संध्याकाळी तिनं पेज केली. वाटी पुढं धरून म्हणाली, "तिन्नु."

करियानं दात आवळले.

"तिन्नु रे. मी हाय."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. निंगव्वा वाटी घेऊन तशीच बसून राहिली. सिद्धेश्वरीनं आतून बघितलं आणि प्रथमच जेवायला हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं निंगव्वानं बोट पेजेत बुडवलं आणि काही न बोलता त्याच्या नाकाखाली धरलं. वास घेत घेत त्यानं ते चाटलं. पुढं तो गेला तोवर असंच चाललं. बोट बुडवायचं, गप्प बसायचं. तो शब्द ती पुन्हा बोलली नाही.

मंगळवारी दुपारी, कोरड्या टॉवेलावर, करिया गेला. त्याच्या कपाळाला विभूती लावून तिनं त्याला परसात पुरलं.

पुढच्या शनिवारी बापूसाहेब पुन्हा दारात. रुमाल नव्हता. काखेत एक पिल्लू, नखापासून शेपटीपर्यंत काळं.

"मोहोळहून मुद्दाम आणलं. तुम्हाला सवय आहे, सांभाळा. गल्लीत एक असलेलं बरं."

निंगव्वानं पिल्लाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"तुमच्या दारात बांधा की. हागलं तर काढा, ओकलं तर पुसा. मग घाला काय चपात्या घालायच्यात त्या."

"मला नाही जमायचं हो, निंगव्वा. मला किळस येते."

"आणि मला काय अत्तराचा वास येत हुता व्हय?"

पिल्लू तेवढ्यात त्यांच्या बाहीवर मुतलं. हात अंगापासून लांब धरून बापूसाहेब उभे राहिले, कुणीतरी घ्यावं म्हणून इकडंतिकडं बघत. निंगव्वानं दार लावून घेतलं आणि शिलाईमशीनवर जाऊन बसली.