लाभपाचमीचा फोन

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते सांगतो. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या मिलमधून माझ्या जोडीदाराला काढलं, तेव्हा त्याचं नाव शेठला मी दिलं होतं.

आम्ही फोल्डिंग खात्यात होतो. रंगून आलेला कापडाचा ताका टेबलावर ताणायचा, डाग-भोक बघायचं आणि घडी घालायची. टेबलाच्या एका अंगाला मी, समोर तो. बारा तास उभं राहायचं. गाव एकच, धुळ्याकडचं. त्याला सुरतेला मीच आणलं होतं. त्याच्या आईने निघताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता.

पुढे त्याची नजर अधू झाली. बारीक डाग त्याच्या हातून सुटायला लागले. मी काही न बोलता तेवढा भाग माझ्याकडे ओढून घ्यायचो. हे आमच्या दोघांतच होतं. खरं तर माझ्या एकट्यापाशीच. डोळे तपासून घे, एवढंही मी त्याला कधी म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाला, “टेबलं कमी करायची आहेत. कोण कच्चा आहे, तूच सांग. तू तो घरनो माणस छे.”

घरचा माणूस! चहा संपायच्या आत मी त्याचं नाव सांगून टाकलं. वर डोळ्यांचंही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे कामावरून काढताना कुणी ‘चालता हो’ म्हणत नाही. दिवाळीनंतर लाभपाचमीला मिल मुहूर्त करून उघडते. ज्याला ठेवायचं त्याला आदल्या दिवशी फोन येतो. नाही आला, की समजायचं. त्या दिवशी मी फोन खिशात घालून फिरत होतो, आणि मनात म्हणत होतो, त्याला येणार नाही बिचाऱ्याला. त्याला नाही आला. मलाही नाही.

मुहूर्ताला मी तरीही गेलो. गेटच्या आत प्रसादाचे पेढे वाटत होते. आमच्या टेबलाच्या जागी कापड तपासायचं मशीन उभं होतं, त्याला हार घातलेला. शेठ बाहेर आला तेव्हा विचारलं, “शेठ, माझा फोन?”

तो हसला. “घरच्या माणसाला फोन काय करायचा? त्याने आपलं आपण समजायचं.”

हातावर पेढा ठेवला आणि वळला. तो पेढा मी हायवेवर फेकला. आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसरीकडे बघतो. एवढी वर्षं त्याच्या मिलला मी ‘आपली मिल’ म्हणत होतो, म्हणून शेठपेक्षा माझी स्वतःचीच जास्त चीड येते.

दोन महिने घरी बसलो. मग एका सकाळी टेबलासमोरचा तो जोडीदार दारात उभा.

“ऊठ भो! कडोदऱ्याले काम शे. तठे बसाले खुर्ची शे, खुर्ची!”

कडोदऱ्यात शाळेचे गणवेश शिवणारं लहानसं युनिट. एक ताई चालवतात. मी तयार कपडे तपासतो, खिडकीशी बसून. संध्याकाळी सहाला सुटतो, रविवारी सुट्टी. पायांची सूज गेली. मुलगी म्हणते, पप्पा आता जेवताना बोलतात.

रुजू झाल्यावर ताईंनी सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. जोडीदाराला चष्मा लागला. आता माझ्या नजरेतून सुटलेला टाका तो पकडतो आणि ओरडतो, “कारे आंधया, झोपना का?” सगळे हसतात. मीही हसतो. एक चष्मा, बस. तेवढ्याने भागलं असतं.

एकदा डबा खाताना मी विचारलं, ताईंना माझंच नाव का सांगितलंस?

“तू इतला वरीस माले सांभाळं,” तो म्हणाला. “डाग तुन्हाकडे वढी लेवस, माले काय समजत नव्हतं का?”

त्याला सगळं माहीत होतं. केबिनमधलं सोडून.

 तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण ही खुर्ची जाईल असं वाटलं. शेठने मला फसवलं हे मी दहा जणांना सांगितलंय, त्यात तोही होता. मान हलवून त्याने शेठला शिव्याही दिल्या.

हे लिहिलं म्हणजे त्याला सांगितलं असं होत नाही. तुझं नाव मी दिलं होतं, हे त्याच्या समोर बसून सांगण्याचं देणं मी त्याचं अजून लागतो.