चंद्रीला दिसत नव्हतं

परवा विश्रामबागेत वरातीच्या घोड्याजवळून गेले आणि घामेजलेल्या चामड्याच्या वासानं थेट वाईला पोचले. लहानपणी तिथं माझे फौजी मामा मला चंद्री घोडीवर बसायला शिकवत. माझ्या बडबडीला सगळे कंटाळत, मामा मात्र म्हणत, "बोलत ऱ्हा."

एकदा माझा घसा बसला. मी मुकाट्यानं लगाम हलवला, तर चंद्री जागीच थरथरत उभी राहिली.

"मामा, हिला काय झालं?" मी कशीबशी कुजबुजले.

"आज तुजा आवाज न्हाई. तिला दिसत न्हाई पोरी, ती कानानं चालती."

 आदल्याच दिवशी आम्ही कालव्याच्या काठानं भरधाव गेलो होतो. तेव्हा मी हादरले, ती मामांनी हे लपवलं म्हणून. आज हादरते, कारण निव्वळ माझ्या बोलण्याच्या भरवशावर चंद्री त्या काठानं धावली होती.