देव्हाऱ्यातला रेडिओ

आधी माफी मागतो. रेडिओबद्दल लिहावं इतकं मला रेडिओतलं कळत नाही, आणि लिहिण्यातलं तर त्याहून कमी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझ्या आधी घरात काही लिहिलं गेलं असेल तर ते गावी पाठवायच्या गोणीवरचं नाव आणि पत्ता. तरी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुंबईत डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत पोटमाळ्यावर एक रेडिओ होता. विकत आणलेला नव्हे, आजोबांनी स्वतः केलेला. ते मिलमध्ये माग चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारातून एकेक भाग आणून जोडायचे. पत्र्याचा सांगाडा, त्यावर काचेचे पाच व्हॉल्व्ह, भोवती चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी. आजी गेल्यावर ते कोकणात काकांकडे राहायला गेले. जाताना रेडिओवर चादर टाकून मला बजावलं, "तेका हात लावू नको."

दोन वर्षं मी लावला नाही. पण यंदा त्यांचा मोतीबिंदू पिकला. बाबा दर रविवारी फोन करायचे, "परळला ऑपरेशन करून घेऊ, चार दिवसांचं तर काम." आजोबांचं उत्तर ठरलेलं, "थय काय आसा आता?" काकी मागाहून हळूच सांगायची की ते भिंत चाचपत अंगणात जातात. मला वाटलं, इथे त्यांचं काहीतरी आहे की. रेडिओ बोलायला लागला तर कदाचित येतील. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून न विचारताच चादर काढली.

पेटी उचलली तर निम्मी हातात आली, निम्मी भुगा होऊन आईच्या धुतलेल्या लादीवर. वाळवी. आतला सांगाडा मात्र धड होता. कॉलेजातल्या सरांना फोटो दाखवत, विचारत विचारत मी सुकलेले कपॅसिटर बदलले. एकदा चांगला झटका बसला. आईला सांगितलं नव्हतं. आता इथे वाचेल.

पेटीसाठी गेलो ते खालच्या मजल्यावरच्या मामांकडे. ते मिलमध्ये आजोबांच्याच खात्यातले. मिल बंद पडल्यावर सुतारकाम शिकले आणि तेव्हापासून देव्हारे बनवतात. फक्त देव्हारे. मी कागदावर साधा चौकोन काढून दिला. त्यांनी मान डोलावली आणि आठ दिवसांनी सागवानी देव्हारा आणून ठेवला. वर छोटा कळस, दोन्ही बाजूंना खांब, आणि देव बसतो तिथे स्पीकरचं भोक.

"मामा, हे..."

"हात वळला तसा वळला. कळस काढू?"

"नको, राहू दे," आई म्हणाली आणि लगेच माझ्याकडे वळली, "चपला बाहेर काढ आधी."

पाठीमागून पेटी बंद होती. व्हॉल्व्ह तापतात, हवा लागते, हे मी सांगायला विसरलो होतो. वीज सोडल्यावर पंधरा मिनिटांत पॉलिश जळल्याचा वास सुटला तेव्हा आठवलं. मामांनी पाठची फळी काढून जाळी कोरून दिली. कमळांची. त्यांच्याकडे तेवढाच नमुना होता.

पुढची अडचण काट्याची. स्टेशन लावायचं बटण फिरवलं की एक दोरा चाकांवरून सरकतो आणि काटा पुढे जातो. जुना दोरा तुटला होता, नवा मी बांधला. पण गाठ चाकाशी अडायची आणि काटा मध्येच थांबायचा. तीनदा बांधून झालं.

मामा बघत होते. "बीएस्सी ना रे तू? आणि गाठ बुटाच्या नाडीची?"

त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली, बोटं एकदा हलली, आणि गाठ बसली. बारीक, चपटी, चाकावरून अलगद सरकणारी. "मागावर धागा तुटला की एवढ्यात जोडायचा. नाहीतर मुकादम आईबाप काढायचा."

"परत दाखवा ना. हळू."

त्यांनी हळू करून पाहिलं. जमेना. पुन्हा पाहिलं. मग हसले, "हळू येत नाही रे मला. विचार केला की चुकतं." शेवटी मी मोबाइलवर चित्रण करून ते संथ चालवून पाहिलं. अजून मला पाचातून दोनदाच जमते.

रेडिओ लागला. बातम्या स्पष्ट, पण मागे सारखी घूं. ती काही जाईना. तरी न राहवून मी गावी फोन लावला आणि स्पीकरसमोर धरला.

"पेटी खयची?" आजोबांनी विचारलं.

"नवी केली. मामांनी."

"आणि विचारलंस कोणाक?"

त्यांनी फोन ठेवला.

त्या रविवारी बाबांनी फोन केला तेव्हा आजोबा बोलायलाच आले नाहीत. त्यांना इथे आणायला म्हणून हे केलं, आणि होती नव्हती ती वाटही मीच बंद केली, असं वाटत राहिलं.

बुधवारी दुपारी माटुंग्याला कॉलेजच्या जिन्यात असताना काकीचा फोन आला.

"अरे, तुझे आजोबा चार दिस जेवताना एकच बोलतत, 'घूं करता, घूं करता, खय तरी तार सुटली आसा.' आज सकाळी काकांका घेऊन गाडयेत बसले. म्हणतत, तो पोरगो माझो रेडिओ जाळून टाकतलो."

"आणि डोळ्यांचं?" मी विचारलं.

"डॉक्टरची चिठ्ठी तेंनीच पिशयेत घातल्यानी. म्हणतत, न दिसता मी तार जोडतलंय कशी?"