बयाबाईचं अकरावं लुगडं

वलवणच्या बयाबाई परटिणीला गावातल्या प्रत्येक धोतराची ठिगळं पाठ होती, आणि ती सांगायला तिला आमंत्रण लागत नसे. १९३८च्या उन्हाळ्यात धरणावर नवे साहेब आले. सकाळी सातला धरणाचं दार उघडलं की आठला पाणी खालच्या पंपाशी पोचेल, असं गणित त्यांनी कागदावर काढलं आणि आठलाच पंप सुरू करायचा हुकूम दिला. पंपावरचा मकसूद घाबरला. कोरडा फिरला तर पंप जळणार, आणि वस्ती तहानलेली राहणार.

पंपाजवळच्या डबक्यात कपडे धूत बयाबाई म्हणाली, "सायेब, नदी आठ दिस उपाशी हाय. आदी ती पिईल, मग तुमाला दील. दार उघडल्याचा भोंगा झाला की मी पयलं लुगडं धुवाया घेती. अकरावं पिळलं की पानी येतंय."

"लुगड्यांवर पंप चालवू?" साहेब हसले.

"घड्याळाला वाळू कुटं ठावं?"

गंमत पाहायला साहेब पंप बंद ठेवून थांबले. सातला भोंगा झाला, बयाबाईनं पहिलं लुगडं घेतलं. आठ वाजले, पावणेनऊ झाले, नदीत नुसती वाळू. अकरावं लुगडं पिळलं, आणि वळणावर पाणी चमकलं.

साहेबांनी स्वतःच्या हातानं हुकूम बदलला: बयाबाईनं सांगितल्यावरच पंप सुरू करावा. तेव्हापासून ती ताठ मानेनं सांगे, "नदी मला इचारून फुडं जाती." आणि ते अकरावं लुगडं पाटलीणबाईंचं होतं, तीन ठिगळांचं, हेही.